वाड्यात काँक्रीट नाही, साहेब

प्रति,
मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
नगरपरिषद.
(गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाचे नाव इथे घातले, तरी पुढचा मजकूर फारसा बदलावा लागणार नाही.)

विषय : जुन्या पेठेतला वाडा पाडण्याची नोटीस थांबवून तो वारसा यादीत घेण्याबाबत.

महोदय,

गेल्या सोमवारी सकाळी दूध घेऊन परतताना जुन्या पेठेतल्या वाड्याच्या दिंडी दरवाजावर आपल्या कार्यालयाची नोटीस डकवलेली दिसली. खळ अजून ओली होती. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५, कलम १९५. इमारत सी-१ प्रवर्गात, म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य. तीस दिवसांत मालकांनी स्वतः उतरवून घ्यावी, नाहीतर नगरपरिषद पाडेल आणि खर्च वसूल करेल. ज्या फळीवर कागद चिकटवला तिच्यावर पितळी फुले आहेत, तेवढी चुकवून कुठे लावता आला असता. पण ती बारीक गोष्ट झाली.

नोटिशीला जोडलेला स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल वाड्याच्या एका वारसाने मला दाखवला. दोन पानांचा छापील तक्ता, त्यात पेनाने केलेल्या खुणा. 'आरसीसी कॉलमची स्थिती : वाईट. स्लॅबमधून गळती : होय. काँक्रीटचे आवरण सुटून सळई उघडी पडली आहे काय : होय.'

साहेब, या वाड्यात काँक्रीट नाही. मागच्या अंगणात भाडेकरूंनी बांधलेला संडास सोडला तर एक घमेलेसुद्धा नाही. कॉलम नाहीत, सागाचे खांब आहेत. स्लॅब नाही, धाबे आहे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. सळई कुठून उघडी पडणार? संडासातलीच दिसली असेल, तर मग अहवाल संडासाचा आहे आणि नोटीस वाड्याला लागली आहे.

मी हे हसत लिहितो आहे असे वाटेल, पण मला हसायचा अधिकार नाही. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता होतो. असे तक्ते मी स्वतः भरले आहेत. जुन्या कौलारू शाळांच्या निर्लेखनाचे, म्हणजे इमारत मोडीत काढण्याचे, प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. सागवानी कैच्या, दगडी जोते, दोन फुटांच्या भिंती. जीपमधून उतरायचे, एक फेरी मारायची, 'दुरुस्ती किफायतशीर नाही' असे लिहायचे आणि पुढच्या गावी निघायचे. एका दिवसात तीन शाळा केल्याचे मला आठवते. त्या जागी ज्या खोल्या झाल्या त्यांतल्या काहींचे निर्लेखन माझ्या निवृत्तीआधीच झाले. म्हणून आपल्या अभियंत्यांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात जो तक्ता दिला तो त्यांनी भरला. तक्ता चुकीचा आहे, एवढेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी ओळंबा, टेप आणि एक जाडसा पेचकस घेऊन वाड्यात गेलो. मातीच्या वाड्याची तपासणी अशीच करतात, त्याला यंत्र लागत नाही. अशा घरात भिंत भार घेत नाही. भार घेतो लाकडी सांगाडा : दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, वर पाट्या आणि त्यावर मातीचे धाबे. भिंत फक्त मधली जागा भरते, ऊन आणि चोर अडवते. भिंतीला भेग पडली म्हणून वाडा पडतो असे नाही, आणि भिंत गुळगुळीत दिसते म्हणून तो टिकेल असेही नाही. पाहायचे असते ते खांबाच्या पायाशी आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी, कारण पाणी आणि वाळवी तिथून शिरते.

चौकात सोळा खांब आहेत. चौदांच्या पायथ्याशी पेचकस टेकवून जोर लावला, टोक आत जात नाही. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या दोघांत ते बोटभर गेले. वर पाहिले तर पन्हाळ फुटलेली, आणि किती पावसाळ्यांचे पाणी नेमके त्या दोन खांबांच्या पायाशी पडत आहे कोण जाणे. मागची भिंत ओळंब्यातून दीड इंच बाहेर आली आहे. तिला कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आहे. मातीच्या भिंतीला सिमेंट फासले की आतली ओल आतच राहते आणि भिंत फुगते. धाब्यावर नवी पांढरी माती पडून बरीच वर्षे झाली असावीत. रोग एवढाच आहे. दोन खांबांचे पाय कापून जोड देणे, पन्हाळ बदलणे, ती भिंत उतरवून पुन्हा घालणे, धाबे घालणे. दोन महिन्यांचे काम, तेही पाऊस उघडल्यावर.

वाड्यात सध्या एकट्या जिजी राहतात. मी खांबाला पेचकस लावताना त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "धाबं गयस भाऊ, पन खांब हालत नही." धाबे गळते, पण खांब हलत नाही. माझ्या सगळ्या तपासणीचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला.

आता माझा या वाड्याशी संबंध काय, हे विचारणे रास्त आहे. मालकी नाही, भाडेपट्टी नाही, कसला हिस्सा नाही. आमचा वाडा याच गल्लीत तीन घरे पलीकडे होता. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही भावांनी तो उतरवून टाकला. कुणी नोटीस दिली नव्हती, आम्हीच दिला. संमतीपत्रावर माझी सही आहे, आणि अभियंता म्हणून 'राहण्यास योग्य नाही' हेही मीच भावांना पटवले होते. लाकूड एका व्यापाऱ्याने उक्ते घेतले, दोन ट्रक भरले. जागेवर आज तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलची दुकाने. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की माझ्या वरच्या खोलीत रात्री अकराला भिंतीला हात लावून बघा. आई शेवटची दोन वर्षे त्या खोलीत 'माझं माजघर कुठंय' असं विचारत असे.

चार वर्षांपूर्वी हायवेवर एका ढाब्यावर जेवायला थांबलो. दारात शोभेला दोन जुने खांब उभे केले होते, पॉलिश मारून, पिवळ्या दिव्यांच्या माळा गुंडाळून. डाव्या खांबावर कमरेच्या उंचीपासून वर सात-आठ आडव्या खाचा होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्हा भावंडांना खांबाला टेकवून उभे करत आणि डोक्यावर चाकू आडवा धरून आजोबा खाच पाडत. चौथी खाच तिरकी आहे, कारण त्या वर्षी मी हललो होतो. मी मुलाला बोलावून दाखवले. तो म्हणाला, "पप्पा, भाजी गार होतेय." धाबे गेले, खांब ढाब्यावर. पुढे काही नाही. एवढाच माझा संबंध.

या वाड्याचे मोल काय, हा आपल्या सभेत हमखास येणारा प्रश्न. एका सन्माननीय सदस्यांनी मला तोंडावरच विचारले, "इथे कोण मोठा माणूस राहून गेला?" कुणीही नाही. मोठ्या माणसांची ठिकाणे खानदेशात आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचे स्टेशनजवळचे घर आज संग्रहालय आहे. तेही गेले ३१ डिसेंबरलाच, १९८९ साली. त्या घरांना नाव होते म्हणून ती राहिली. आमच्या पेठेतल्या वाड्याला नाव नाही. पण राजवाडे कागद शोधत जी दारे ठोठावत फिरले, ती अशाच बिननावाच्या वाड्यांची दारे होती.

या वाड्याकडे सांगण्यासारखे आहे ते वेगळे. देवघरावरच्या तुळईवर शक कोरला आहे. 'शके १७८' एवढे वाचता येते, शेवटचा आकडा वाळवीने खाल्ला. म्हणजे इसवी १८५८ ते १८६८ यांच्या दरम्यान कधीतरी. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशात कापसाचा पैसा कसा आला आणि त्याचे लोकांनी काय केले, हे पाहायचे असेल तर पुस्तक उघडायला नको, या वाड्यात यावे. दर्शनी खण रुंद, कारण तिथे गाठी उतरत. माजघराच्या जाड भिंतीत बळद, त्यात ज्वारी. दादर, म्हणजे जिना, इतका अरुंद आणि उभा की वर जाणारा एका वेळी एकच माणूस, कारण वर तिजोरी. चौकाच्या एका कडेला धाब्याला साणे ठेवले आहे, त्यातून दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाचा एक चौकोन नेमका जात्यावर पडतो. बांधणाऱ्या सुताराचे नाव कुणाला ठाऊक नाही. सातपुड्याचा साग त्याने कसा ओळखून घेतला असेल, हे मला अभियंता असून सांगता येत नाही.

१९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गावच्या साध्या वस्तूंनी ते नगर सजवले होते. ते आज उभे नाही याचे वाईट वाटत नाही, ते चार दिवसांसाठीच होते. हा वाडा चार दिवसांसाठी बांधलेला नाही.

आता तक्रारी.

पहिली, अहवालाची. ती वर झाली.

दुसरी. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या काही मित्रांनी गावातल्या एकोणीस जुन्या वास्तूंची यादी फोटोंसह आपल्या आवक-जावक विभागात दिली होती. वाडे, दोन बारवा, एक जिनिंगची चिमणी, जुनी शाळा. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. उत्तर सात महिन्यांनी आले : 'सदर विषय पुरातत्त्व विभागाशी संबंधित असल्याने आपण त्यांच्याकडे संपर्क साधावा.' हे उत्तर चुकीचे आहे, आणि आपल्या कार्यालयाला ते चुकीचे असल्याचे माहीत असायला हवे. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे तो संरक्षित स्मारकांसाठी : किल्ले, लेणी, देवळे. राहत्या घरांची वारसा यादी ही गोष्ट वेगळी, ती नगररचनेच्या कायद्यात येते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात विकास योजनेत काय काय असावे ते कलम २२ मध्ये दिले आहे आणि त्यात ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा जपणे हेही आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने तशी तरतूद आपल्यासारख्या नगरपरिषदांच्या दारात आणून ठेवली : नियोजन प्राधिकरणाने यादी करायची, हरकती-सूचना मागवायच्या, श्रेणी ठरवायची, मंजुरी घ्यायची. नियोजन प्राधिकरण म्हणजे आपण.

तिसरी. यादीचे नाव काढले की पेठेत अफवा पसरते, "हेरिटेज लागलं की शंभर मीटरमध्ये कुणालाच बांधता येणार नाही." ही अफवा खोडायचे काम आपले होते, आपल्याच बांधकाम विभागाच्या खिडकीवर ती मला ऐकायला मिळाली. शंभर मीटर बंदी आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रण हे केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती असते. पालिकेच्या यादीतल्या घराच्या शेजाऱ्याला ते लागत नाही. यादीतल्या घरालासुद्धा श्रेणीप्रमाणे आतले बदल करता येतात. मला विचाराल तर आपला वाडा तिसऱ्या श्रेणीतला आहे, फार तर दुसऱ्या. म्हणजे आत मोरी, संडास, वायरिंग, स्वयंपाकाचा ओटा, सगळे नवे करा. दर्शनी बाजू आणि लाकडी सांगाडा तेवढा सांभाळा.

चौथी तक्रार थोडी नाजूक आहे. गावात शिरताना आपण नवी कमान उभी केली. फायबरचे लाकडी वाटणारे खांब, फायबरची महिरप, फायबरचे मोर. बाजूला 'आय लव्ह' आणि पुढे गावाचे नाव, लाल दिव्यांत. त्या कमानीच्या फलकावर 'आपला वारसा, आपला अभिमान' असे लिहिले आहे. तिथून चालत बारा मिनिटांवर खऱ्या लाकडाची खरी महिरप आहे आणि तिच्यावर आपली नोटीस.

दुसरी बाजूही मला दिसते. झडीचा पाऊस लागला की खानदेशात मातीच्या भिंती पडतात, माणसे दगावतात, आणि मग पहिला प्रश्न मुख्याधिकाऱ्याला विचारला जातो. नोटीस दिली नसती आणि काही झाले असते तर हेच गाव आपल्या दारात आले असते, कदाचित मीही. सावधगिरी घ्याच. पण सावधगिरी म्हणजे टेकू, अडथळे, त्या कोपऱ्यातून माणसे हलवणे. कलम १९५ मध्ये पाडण्याबरोबर दुरुस्तीचीही वाट आहे. ती वाट आपण नोटिशीत लिहिलीच नाही.

मालकांचेही ऐकून घ्यायला हवे. अकरा वारस, पैकी सुरतेत चार, पुण्यात तीन, एक नाशिकला, उरलेले गावात. त्यांतला एकही खलनायक नाही. दरमहा भाडे येते त्यात वर्षाचे धाबेसुद्धा होत नाही. बिल्डरने जो आकडा सांगितला तो मी ऐकला आहे, माझ्या घरी आला असता तर मी सही केली असती. केली होतीच. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्याला सगळे टीडीआर म्हणतात, तो अशा मालकांना देता येतो. पण आपल्या गावात त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण, हे आपणही जाणता. म्हणून नुसते 'यादीत घेतले' असे सांगून मालकांना वाऱ्यावर सोडू नका.

मागतो ते एवढेच. नोटिशीच्या अंमलबजावणीला स्थगिती द्या आणि आजच्या आज ईशान्य कोपऱ्यातल्या दोन खांबांना नगरपरिषदेच्या खर्चाने टेकू लावा. बल्ल्या आणि चार माणसे पुरतात. जिजींना पाऊस संपेपर्यंत दर्शनी खणात हलवा, तो भाग धडधाकट आहे. लाकूड आणि माती ओळखणाऱ्या संवर्धन वास्तुविशारदाकडून तपासणी पुन्हा करून घ्या, तक्ता बाजूला ठेवून. आम्ही दिलेली एकोणीस वास्तूंची यादी सभेपुढे ठेवा आणि हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करा. तीन नावे कमी झाली तरी चालतील. यादीतल्या घरांना घरपट्टीत सूट आणि दुरुस्तीच्या परवानगीला एकच खिडकी द्या. आणि यापुढे गावातला कुठलाही शंभर वर्षांवरचा वाडा उतरवायची वेळ आलीच, तर आधी त्याची मोजमापे घेऊन नकाशे काढा. आमच्या वाड्याचा एकही नकाशा नाही. मी अभियंता असून काढला नाही.

आणखी एक सुचवतो, ते मागणी म्हणून नाही, सोय म्हणून. नोटिशीची मुदत नागपंचमीच्या आसपास संपते. तिच्यानंतरच्या रविवारी या वाड्यात कानबाई, ही आमची खानदेशी देवी, बसते. त्या भाऊबंदकीचे रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, अजून एकत्र होतात, एरवी एकमेकांचा फोन न घेणारे भाऊ त्या दिवशी घरटी मोजून गहू आणतात, आणि सुरत-पुण्याची मंडळी शनिवारी रात्रीच गाडीने उतरतात. अकराच्या अकरा वारस एका धाब्याखाली सापडण्याचा वर्षातला तो एकच दिवस. सोमवारी विसर्जन झाले की पांगतात, आणि मग त्यांच्या सह्या आणायला आपल्या लिपिकाला पुढचा उन्हाळा लागेल.

त्या रविवारी संध्याकाळी आपण या. अहवाल ज्यांनी भरला त्या अभियंत्यांनाही आणा, त्यांना कुणी काही बोलणार नाही, मी जबाबदार. ओळंबा आणि पेचकस माझ्याकडे आहे. दिंडीतून आत येताना डोके सांभाळा, वरची चौकट खाली आहे.

आपला,
जुन्या पेठेतला एक निवृत्त कनिष्ठ अभियंता

ता. क. पितळी फुलांवरची खळ मी ओल्या फडक्याने पुसली आहे. नोटीस जशीच्या तशी आहे, तिला हात लावलेला नाही.